मक्याचं चिलखत

पायलने घराबाहेर पडणं सोडलं त्याला सहा महिने झाले होते, तेव्हा मी शाळेतला थ्रीडी प्रिंटर मोटारसायकलच्या मागे बांधून तिच्या घरी नेला.

दोन वर्षं तो शाळेच्या कपाटात खोक्यासकट पडून होता. कुठल्याशा योजनेतून आला, पण चालवायचा कसा हे सांगायला कुणी आलं नाही. मुख्याध्यापिका शीतल मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला वेळ आहे. सही करा आणि न्या. उंदरांनी वायरी कुरतडण्यापेक्षा बरं." मी सही केली. मी चौसष्ट वर्षांचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची अकरा धावड्याजवळच्या या आमच्या गावात. मोबाइलवर व्हिडिओ बघत महिनाभरात मशीन शिकलो.

पायल सहावीतली. जूनमध्ये चुलीजवळ तिच्या ओढणीने पेट घेतला. ओढणी नायलॉनची होती. सुती असती तर ओढून फेकता आली असती. ही वितळली आणि अंगाला चिकटली. डावा गाल, मान, खांदा आणि कोपरापर्यंतचा हात. दोन महिने दवाखान्यात काढून ती परत आली तेव्हा मान डावीकडे ओढली गेली होती आणि ओठाचा कोपरा खाली आला होता. ती एक दिवस शाळेत गेली. कुणी चिडवलं नाही. तिच्या बाकावरची मोनाली जराशी सरकून बसली, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पायल गेली नाही.

मी रोज संध्याकाळी तिला शिकवायला जायचो. पहिले काही आठवडे ती आतल्या खोलीच्या पडद्यामागून उत्तरं द्यायची. मग पडदा बाजूला झाला, पण डावी बाजू भिंतीकडेच. एकदा तिची वही तपासताना मागच्या पानांवर चित्रं दिसली. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेली एक मुलगी, निळ्या पेनने गिरवलेली. अशी दहा-बारा पानं.

"ही कोण?" मी विचारलं.

"सुपरहिरो हाय."

"नाव काय हिचं?"

"न्हाई ठेवलं. नाव ठेवलं की लोक हाका मारतेत."

"शक्ती काय आहे तिची? उडते?"

तिने मान हलवली. "ती लोकांमधून चालत जाते. आन् तिला कुणी विचारत न्हाई, काय झालं म्हणून."

तसं चिलखत तिच्यासाठी छापायचं ठरवून त्याच आठवड्यात मी शाळेतलं कपाट उघडायला सांगितलं.

तिचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या टेबलावर मशीन मांडलं. पायलची आई बेबीनंदा हातातलं काम टाकून बघायला आली. ती मला नवी नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या माहेरच्या गावी मी शिक्षक असताना ती माझ्या तिसरीच्या वर्गात होती. पाढे सगळ्यांच्या आधी पाठ करणारी. चौथीनंतर तिचं नाव पटावरून गेलं. मी दोनदा तिच्या घरी जाऊन आलो होतो, तिसऱ्यांदा गेलो नाही.

मशीन सुरू झालं. प्लॅस्टिकची तार एका बाजूने आत जायला लागली आणि सुईसारख्या बारीक तोंडातून वितळून, गोल गोल फिरत, थरावर थर बसायला लागली. बेबीनंदा तोंडावर पदर धरून हसली.

"अगं माय! हा तर सोऱ्या हाय, सर. कुरडया पाडून राह्यला!"

"बरोबर ओळखलंस," मी म्हणालो. मला फार आनंद झाला. शिकवताना समोरच्याने स्वतःचं उदाहरण शोधलं की मला नेहमीच होतो.

"पन या पिलास्टिकचा वास? पोरीला बाधणार न्हाई न?"

"नाही गं. हे मक्यापासून करतात."

"मक्यापासून? खरं सांगता?"

"खरंच. तू गव्हाचा चीक काढतेस, तसा कारखान्यात मक्याचा चीक काढतात आणि त्याचं हे प्लॅस्टिक होतं."

"म्हंजे आपल्याच शिवारातलं!" आख्खा जन्म दुसऱ्याच्या रानातला मका सोंगण्यात गेलेली ती बाई. तिने ते वाक्य गल्लीभर सांगितलं. पायलचं चिलखत मक्याचं हाय, सरांनी सांगितलं.

पायल मात्र मशीनपासून चार हात लांब उभी होती. तिने एकच विचारलं. "सर, आत किती गरम असतं?"

"दोनशे अंश. पण फक्त त्या टोकाशी. बाहेर आलं की क्षणात थंड होतं."

"आन् परत कधी वितळतं?"

मी तिला बसवून नीट सांगितलं. वितळायला दीडशेच्या वर लागतं, पण साठच्या आसपासच ते मऊ पडायला लागतं. तिने वहीत लिहिलं, '६०', आणि त्याभोवती चौकोन काढला. बेबीनंदा दारात भाकरीचं पीठ चाळत होती. ती म्हणाली, "सर, मला बी सांगा न ते कसं असतं."

"आधी चहा ठेव," मी म्हणालो, "मग सांगतो."

तिने चहा ठेवला. पायल पुढचा प्रश्न विचारत होती, आणि मी तिकडे वळलो.

फेब्रुवारी आणि मार्च त्यात गेले. पायल कुणाला हात लावू द्यायची नाही, म्हणून मापं तिने स्वतः घेतली. आतल्या खोलीत जाऊन सुतळी अंगाला गुंडाळायची, जिथे संपेल तिथे गाठ मारायची आणि ती सुतळी पडद्याबाहेर माझ्या हातात द्यायची. मी पट्टीवर मोजायचो, ती सेंटिमीटरचे मिलिमीटर करायची. मान एका बाजूला ओढलेली, म्हणून हेल्मेटची डावी बाजू किती मोठी करायची ते तिनेच गुणोत्तर मांडून काढलं. छत्तीस वर्षांत गुणोत्तर इतक्या गरजेने शिकणारी मुलगी मला भेटली नव्हती.

चुकाही झाल्या. पहिल्यांदा दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे निघाले. पायल ते पाहून हसली, तोंड न झाकता हसली, आणि बेबीनंदा पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन डोळे पुसून आली. लाइट गेली की अर्धवट झालेला भाग टाकून द्यावा लागायचा. हेल्मेटला एकोणीस तास लागायचे, ते तीनदा वाया गेलं. चौथ्यांदा पूर्ण झालं. जुन्या दप्तराचे पट्टे आणि बकलं लावून आम्ही भाग जोडले, पॉलिश पेपरने घासले.

तिचे वडील मिथुन जालन्याला सळईच्या मिलमध्ये कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायचे. छातीचा भाग हातात घेऊन, टकटक वाजवून ते म्हणाले, "एवढं हलकं? सर, मी मिलमधी सांगतो, आख्खं लोखंडाचं ओतून देतेत."

"पप्पा, मंग मी हालू कशी?"

"हालायचं कशाला? चौकात उभं करू. लोक हार घालतील."

"गप बसा हो," बेबीनंदा म्हणाली. सगळे हसले. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसणं.

करार पायलने केला होता, मी नाही. चौदा एप्रिलला सकाळी विहारात झेंडावंदन झालं की मुलांची फेरी निघते आणि शाळेच्या फाटकापर्यंत जाते. मुलं वेषभूषा करून येतात. ती म्हणाली, "आंगभर असंल तर मी चालीन."

"आणि जूनमध्ये शाळा?"

"पहिले जयंतीचं पाहू. विहारापासून शाळा किती पावलं हाय?"

मी मोजून आलो. माझी चारशे बारा. तिची पाचशेच्या आसपास होतील.

"तेवढं जमलं," ती म्हणाली, "तर रोजचं बी जमंल."

अकरा तारखेला संध्याकाळी आम्ही निळा रंग मारला. घरामागच्या बोळात, वर्तमानपत्रं अंथरून. पायल बोळापर्यंत आली, म्हणजे जवळजवळ बाहेरच आली. रंग वाळला नाही तर काय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, दोन दिवस आहेत, आत पंख्याखाली वाळेल. बेबीनंदा तेव्हा विहारावर मंडप झाडायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी चारला मी गेलो. उन्हाचा तडाखा असा की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दार उघडं होतं. पायल खाटेवर बसलेली, बेबीनंदा जमिनीवर, आणि दोघींच्या मध्ये एका साडीवर ते सगळं ठेवलेलं.

हेल्मेट एका बाजूने बसलं होतं. डावी बाजू, जी आम्ही मोठी केली होती, ती खाली ओघळून आत वळली होती. डोळ्याची फट तिरपी. छातीच्या भागाला पत्र्याच्या पन्हाळ्या उमटल्या होत्या, लाटांसारख्या. खांदा आणि हात एकमेकांना चिकटले होते. निळा रंग मात्र अगदी छान वाळला होता, कुठेही चिकटत नव्हता.

"सर," बेबीनंदा म्हणाली, "मी उन्हात टाकलं."

मी साडीशेजारी खाली बसलो.

"रंगाला हात लावला तर चिकट लागला. म्हनलं, कुरडया टाकायच्याच हायत पत्र्यावर, हे बी टाकू बाजूला. मक्याचं हाय म्हनले होते न तुम्ही. सोऱ्यातून निघालेलं. त्याला ऊन दिल्याबिगर कसं टणक व्हईल? पोरगी झोपली होती. म्हनलं, उठायच्या आत कडक वाळून खाली आणते, खूश व्हईल."

ती एका दमात बोलत होती, आणि तिच्या सांगण्यात एकही चूक नव्हती. मी जेवढं शिकवलं होतं तेवढ्यावरून तिने काढलेलं उत्तर बरोबर होतं. बारा एप्रिलच्या दुपारी आमच्याकडचा पत्रा सत्तरच्या वर तापतो. हे मला माहीत होतं. पायलला साठ माहीत होते. ज्या बाईचा आख्खा उन्हाळा पत्र्यावर वाळवण टाकण्यात जातो, तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आईला बोलू नका, सर," पायल म्हणाली. "तिला काय म्हाईत."

आवाज शांत होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती रडली नव्हती. हेल्मेटकडे बघत होती, गणिताकडे बघायची तशी.

"पुन्हा करू," मी म्हणालो. "अजून छत्तीस तास आहेत. निदान हेल्मेट होईल. लाइट टिकली तर."

"नको."

"अगं, फक्त एकोणीस तास..."

"नको, सर. मला वाटलं होतं वरचं तरी सरळ राहील."

तेवढ्यात मिथुन आले. जयंतीची सुट्टी घेऊन, पायलसाठी पांढरे बूट घेऊन आले होते. दारातच थबकले. बेबीनंदाने त्यांना सांगितलं. ते खाली बसले, छातीचा भाग उचलून उजेडात धरला. मिलमधला माणूस तो, वाकडं झालेलं त्यांनी आयुष्यभर सरळ केलेलं.

"गरम केलं की मऊ पडतं न हे? मंग परत गरम करून सरळ करता येतं का, सर?"

प्रश्न चांगला होता. चांगल्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देतो, ती सवय आहे. मी म्हणालो, "येतं. गरम पाण्यात बुडवायचं. पण नुसतं सपाट करून भागणार नाही, तिच्या अंगाचा आकार यायला हवा. मऊ असतानाच अंगावर दाबून..."

तिथे मी थांबलो. पण वाक्य पूर्ण झाल्यासारखंच होतं.

मिथुनने तो तुकडा हळूच साडीवर ठेवला. पायल खाटेवरून उठली, उजव्या हाताने डावा दंड धरला, आणि आतल्या खोलीत गेली. पडदा ओढल्याचा आवाज आला.

मी घरी गेलो नाही. नको म्हणाली होती तरी मी मशीनला तार लावली. उरलेली तार राखाडी होती. वाटलं, समोर तयार दिसलं तर घालेल. वाटलं, रंग नसला तरी चालेल. त्या संध्याकाळी मी जे जे समजत होतो ते सगळं मशीन आणि तासांबद्दल होतं. मिथुन माझ्याशेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली तेव्हा हेल्मेट हनुवटीपासून भुवयांपर्यंत झालं होतं. डोकं उघडंच. लाइट दुपारी आली. अर्धवट राहिलेलं मशीन पुढे नेत नाही. पहिल्या थरापासून सुरू करावं लागतं. मी बटण दाबायला हात उचलला तर मिथुन म्हणाले, "राहू द्या, सर. तिनं सांगितलंय न."

चौदाला सकाळी मी विहारात गेलो. झेंडा वर गेला, पंचशील झालं. फेरी निघाली. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, निळे फेटे, हलगी पुढे. मोनालीने वकिलाचा काळा कोट घातला होता, तिच्या भावाचा असावा, बाह्या दुमडलेल्या. ती माझ्याजवळ आली. "सर, पायल येणार म्हणले होते न? मी तिच्यासोबत चालणार होते."

"तू तिला सांगितलं होतंस?"

"न्हाई. आज सांगणार होते."

फेरी पायलच्या घरावरून जाते. मी पुढे निघून त्यांच्या दारात उभा राहिलो. बेबीनंदा नवं पातळ नेसून उंबऱ्यात बसली होती, फेरीत गेली नव्हती. हलगीचा आवाज जवळ आला तसं आतून पायल म्हणाली, "आई, दार लाव."

बेबीनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला काय करायचं ते सांगावं, असं तिला वाटत असावं. छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो. त्या वेळी मी रस्त्याकडे वळलो. तिने उठून दार लावलं. मी बाहेर राहिलो. मुलं घोषणा देत गेली. मोनालीने दाराकडे वळून पाहिलं आणि तिच्या मागच्या पोराने तिला पुढे ढकललं. हलगी शाळेकडे वळली, मग फाटकाशी थांबली. पाचशे पावलं काही फार नसतात. उभ्याउभ्या ऐकू येतात.

त्यानंतर मी संध्याकाळी जात राहिलो, पण पडदा पुन्हा पहिल्यासारखा झाला. मे महिन्यात तर उत्तरंही थांबली. मी पडद्याला गणित सांगायचो. एकदा सुतळीचा तुकडा खाली पडलेला दिसला, गाठ मारलेला. उचलून खिशात ठेवला.

सोळा जूनला शाळा उघडली. पायल गेली नाही. शीतल मॅडमनी मशीन परत मागितलं नव्हतं, पण ते त्या खोलीत ठेवणं मलाच सहन होत नव्हतं. मी खोकं घेऊन गेलो. तारा गुंडाळत होतो तेव्हा बेबीनंदा समोर येऊन बसली.

"सर, नेयच्या आधी मला सांगा."

"काय?"

"ते कसं असतं ते. तव्हा म्हनले होते तुम्ही, आधी चहा ठेव, मंग सांगतो."

मी हातातली वायर खाली ठेवली. सुरुवातीपासून सांगितलं. चीक, त्याची तार, तापमान म्हणजे काय, वितळणं वेगळं आणि मऊ पडणं वेगळं. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती, तिसरीत बसायची तशीच.

"कितीला मऊ पडतं म्हनले?"

"साठला."

"आन् पत्रा?"

"सत्तर. कधी त्याच्याही वर."

तिने बोटावर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"हे तर मला समजलं असतं, सर."

आतल्या खोलीचा पडदा हलला नाही. मी खोकं उचलून मोटारसायकलवर ठेवलं. दोरी बांधताना गाठ सुटत होती, तेव्हा बेबीनंदाने दुसरं टोक धरलं.